ज्वारीचा भारा

रंगपंचमीला आमचा वैरण कापणारा माणूस गेर, ती रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर गेला. म्हणून शेजारच्या शेतातली यशोधरा सकाळीच हिरव्या ज्वारीचा भारा घेऊन आली. गालावर गुलाल.

"कडेवर पोर घेऊन विळा चालवणार का तू? घे. माझ्या म्हशींच्या आधी तुझ्या चंद्रीला आणलंय. बाळंतीण आहे ना ती."

आमची म्हैस चंद्री नुकतीच व्यायली होती. तिची पारडी अजून उभं राहताना लटपटायची. मी भारा सोडला. चंद्रीनं मान वर न करता खाल्लं.

बाळाला पाजून बाहेर आले तर चंद्री आडवी. तोंडाला फेस, पाय ताठ. मी बसले, तिच्या मानेखाली हात घातला. सासरे, अप्पासाहेब, धावत आले. उरलेलं ज्वारीचं एक ताट त्यांनी उचललं. गुडघ्याएवढं, पानं वळलेली.

"पाण्यावाचून खुंटलेली ज्वारी ही. जहर असतं हिच्यात. कुणी दिली?"

मी नाव सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. ते गेरच्या गर्दीत अडकलेले. त्यांचं बोलणं चालू असतानाच चंद्रीचा श्वास थांबला. मान तशीच गरम होती, म्हणून मला हात काढवेना.

मग एकदम आठवलं, यशोधरा धार काढून झाल्यावर वैरण टाकते. फोन केला. उचलेना.

"खाऊ दे तिच्याही म्हशींना," अप्पासाहेब म्हणाले. "कळू दे तिला."

मी बाळाला उचललं आणि बांधावरून अनवाणीच पळाले.

यशोधरा गव्हाणीत ज्वारी पसरत होती. मी एका हातानं ती ओढून बाहेर फेकायला लागले.

"अगं, पागल झालीस का? सुबह से कापतेय मी."

"चंद्री मेली. हे खाऊन."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं वळून पुढच्या म्हशीच्या जबड्यात हात घातला आणि चावलेला घास ओढून काढला. सगळी गव्हाण रिकामी झाल्यावर खाली बसली.

"मोटर जळाल्यापासून त्या तुकड्याला पाणीच नाही," ती म्हणाली. "वाळून जाण्यापेक्षा तुला द्यावं म्हटलं."

बाळ तिच्या गालावरचा गुलाल पुसत होतं.

संध्याकाळी ती दुधाची बरणी घेऊन आमच्या फाटकाशी उभी राहिली. आत येईना. गोठ्यात पारडी ओरडत होती. अप्पासाहेब खाटेवर, फाटकाकडे पाठ करून.

"अप्पा, आत्ताच काढलंय. गरम आहे."

पारडी पुन्हा ओरडली.

"तिथे उभं राहून तिच्या पोटात जाणार आहे का ते?" अप्पासाहेब पाठ न वळवता म्हणाले. "ये आत. हिच्या कडेवर पोर आहे, बाटली कोण धरणार?"

यशोधरा आली. चंद्रीचं दावं जमिनीवर तसंच पडलं होतं. त्यावर पाय पडू नये म्हणून ती वळसा घालून पारडीपाशी आली.