गोल खिडकीचं खोकं

खट्.

माझ्या लेकीला, खारूला, नुकती झोप लागली होती. कपडे साबणाच्या पाण्यात मुरत होते. घर इतकं शांत होतं की मी चहाचा कपसुद्धा अलगद ठेवला होता. आणि बाथरूममधून तो एकच आवाज आला. त्यानंतर वॉशिंग मशीनने हूं की चूं केलं नाही.

संध्याकाळी मेकॅनिकने मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांना घेतात तसं ह्यांना बाजूला घेतलं. "आता ह्यात पैसे घालू नका, साहेब." मी बादलीत खारूच्या चड्ड्या पिळत होते. खारूने मशीनवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, "ताप नाहीये."

बातमी जाऊबाईंपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? ह्यांचे थोरले भाऊ आणि वहिनी पलीकडच्याच गल्लीत राहतात. लगेच फोन आला.

"अगं, माझं घेऊन जा की. छान चालतंय. मी नवं घेतेय, समोरून उघडणारं, गोल काचेचं. निवडूनही ठेवलंय."

आमच्या घरात वहिनींचं काय नाही? पडदे त्यांचे, इस्त्री त्यांची, खारूचा पाळणा त्यांचा. खारूच्या स्वेटरला आतून त्यांच्या लेकीचं नाव शिवलेलं होतं. मी ते उसवलं, तरी सुईची भोकं दिसतात. आणि वहिनी देतात तेही अगदी मनापासून, हेच जास्त झोंबतं. हात आखडून दिलं असतं तर निदान नाक मुरडता आलं असतं.

"नको वहिनी," मी म्हटलं. "आम्ही नवंच बुक केलंय."

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "कधी केलं?"

"आत्ता."

आमच्या आवाक्यातलं मशीन दुकानाच्या पार कोपऱ्यात होतं. लहानसं, वरून उघडणारं, बरेच महिने मांडून ठेवलेलं, आणि एका कुशीला चांगला तळहाताएवढा पोचा. म्हणून तर स्वस्त. "पोचा भिंतीकडे करा, कुणाच्या बापाला दिसणार नाही," विक्रेता म्हणाला. हे लगेच तयार झाले. मी विचारलं, "आणि खोकं?"

"मांडलेल्या मशीनला खोकं नसतं, ताई."

खोक्याशिवाय आलं म्हणजे कुणाचं तरी जुनं आलं. आमच्या घरी वस्तू येते ती अशीच, उघडी, दोरीने बांधलेली, हे आख्ख्या जिन्याला पाठ आहे. मी दुकानाच्या मागच्या बाजूला गेले. रिकामी खोकी रचलेली होती. एक साधं होतं, आमच्या मापाचं. दुसरं त्याच्यापेक्षा मोठं, त्यावर गोल काचेच्या मशीनचं चित्र. मी त्याच्यावर बोट ठेवलं.

"आपण मशीन घेतोय की खोकं?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही मशीन धरा. खोक्याचं मी बघते."

आजूबाजूला रद्दी कोंबून ते नवंकोरं असल्याच्या थाटात जिना चढलं. मशीन आत गेलं, पोचा भिंतीकडे गेला, आणि खोकं मी दाराबाहेर ठेवलं, चित्र जिन्याकडे करून. खारूने त्यात उशी नेली, भातुकली नेली आणि राहायलाच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. मी बाथरूमचं दार आधीच ओढून घेतलं होतं. "आत सगळं ओलं आहे हं, पाइप जोडायचाय अजून," हेही तयार होतं. पण त्या आत आल्याच नाहीत. चप्पल न काढता खोक्यापाशी उभ्या राहिल्या. चित्रातल्या काचेवरून त्यांनी बोट फिरवलं, धूळ पुसावी तसं.

"हेच," त्या म्हणाल्या. "मी निवडलं होतं ते हेच."

"होतं म्हणजे?"

"तुझे भाऊजी म्हणतात, जुनं घरातल्या कुणाच्या उपयोगी पडत असेल तरच नवं. चालतं मशीन भंगारात घालायचं नाही म्हणे. तू नको म्हणालीस, तिथेच विषय मिटला." त्या हसल्या. "तुझी चंगळ आहे बाई. एका फोनवर बुकिंग."

त्यांनी पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी ओट्यापासून छतापर्यंत जी फिरवते, तीच. मला गोड वाटलं. अगदी घोटभर.

एक वाक्य बोलले असते तर त्यांना ती काच मिळाली असती. वहिनी, द्या तुमचं जुनं, आमचं हे परत करते. दुकानदार आजच्या दिवस परत घेणार होता. पण मग बाथरूमचं दार उघडावं लागलं असतं, पोचा दाखवावा लागला असता, आणि वहिनींचं मशीन पुन्हा दोरीने बांधून जिना चढलं असतं.

"चहा टाकते," मी म्हटलं.

खोक्यातून खारूचं डोकं वर आलं. केसांत रद्दीचा तुकडा. "काकू, माझ्या घरात ये ना. जरा लहान होऊन ये."

वहिनी वाकल्या, तिच्या केसांतला कागद काढला. "काय मस्त घर गं तुझं. खिडकीपण आहे."

खारूने बाहेर वाकून चित्रातली गोल खिडकी पाहिली. मग आमच्या बंद बाथरूमकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आई, आपल्या मशीनला तर खिडकीच नाहीये. मग हे घर कोणाचं आहे?"