हात हलवा

"बाबा, हे तुम्ही आहात?"

मुलीने विचारलं तेव्हा चावीवाल्याच्या तोंडात घास होता. तो त्याने न चावताच गिळला. टीव्हीवर वाहिनीच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचा खास कार्यक्रम चालू होता. घरातली तिघं ताटं घेऊन समोर बसली होती, आणि आपला टीव्ही बिघडलाय म्हणून खालच्या काकूही वर येऊन घरातली एकमेव बरी खुर्ची अडवून बसल्या होत्या. पंचवीस वर्षांतले अविस्मरणीय क्षण दाखवत दाखवत निवेदक आता पोट धरून हसायला लावणाऱ्या क्षणांपर्यंत आला होता. पडद्यावर काळ्याभोर मिशांचा, खांद्याला अवजारांची पिशवी अडकवलेला एक तरुण कुठल्याशा इमारतीचा जिना धावत चढत होता.

"मी कुठला?" चावीवाला म्हणाला.

पण पिशवी तीच होती. आत्ताही ती दाराजवळच्या खुंटीला लटकत होती, फक्त तिचा पट्टा बदलला होता. मुलीने खुंटीकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बायको घाईघाईने रिमोट शोधू लागली. तो नेमका काकूंच्या मांडीखाली होता.

पडद्यावर एक बाई दारासमोर रडत होती. दार ओढलं गेलं, बाळ आत अडकलंय, गॅस चालू आहे, लवकर करा हो. तरुणाने तिला ना नाव विचारलं ना गाव. तो कुलपाशी बसला आणि बघता बघता त्याने दार उघडलं. आत बाळ नव्हतं आणि गॅसही नव्हता. सोफ्यावर पेपर वाचत बसलेला एक जाडजूड घरमालक उठून "चोर, चोर" ओरडायला लागला. आतल्या खोलीतून पोलिसांच्या वेशातले दोघे आले, त्यांनी तरुणाची कॉलर धरली. रडणारी बाई रडायची थांबली आणि म्हणाली, मी या माणसाला ओळखतच नाही. तेव्हा तो तरुण गुडघ्यांवर आला आणि त्याने हात जोडले.

"साहेब, मी चोर नाही हो. घरी लहान मुलगी आहे माझी. तिची शपथ घेतो."

इथे हशा होता. माणसांचा नव्हे, आधीच रेकॉर्ड करून डब्यात भरून ठेवलेला. वर्धापनदिनानिमित्त वाहिनीने खास कष्ट घेतले होते. तो गुडघ्यांवर येतो तो प्रसंग पुन्हा एकदा सावकाश करून, नवं संगीत लावून दाखवला.

"अगं बाई, चेहरा बघा मेल्याचा," काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या. मग त्यांनी चावीवाल्याकडे निरखून पाहिलं. "अहो, हे तुम्हीच की हो. कधी बोलला नाहीत ते. एवढे फेमस आणि आमच्या डोक्यावर राहता."

पडद्यावर आता छुपा कॅमेरा उघडा पडला होता. घरमालक, पोलीस, बाई, सगळी एकमेकांना टाळ्या देत होती. कुणीतरी तरुणाच्या हातात फुलांचा गुच्छ कोंबला. "इकडे कॅमेऱ्यात बघा, हसा, हात हलवा," असा आवाज आला. डोळ्यांतलं पाणी अजून पुसलंही नव्हतं, आणि तो हसला. आणि त्याने हात हलवला.

चावीवाल्याने ताट बाजूला सारलं. त्या बाईची, त्या घरमालकाची किळस त्याला कधीची येऊन गेली होती. पोटासाठी माणूस काय काय करतो, त्यांनीही केलं. शिसारी यायची ती त्या हाताची. शहाण्या कुत्र्याच्या पंजासारखा वर झालेला तो हात त्याचा स्वतःचा होता, आणि त्याच हाताने तो रोज जेवत होता.

तो कार्यक्रम पहिल्यांदा लागला तेव्हा दुकानावर येऊन लोक त्याची नक्कल करत मुलीच्या शपथा घ्यायला लागले. काही जण हसत, आणि काही जण हळूच दुसऱ्या चावीवाल्याकडे जात, कारण हसून झालं तरी 'चोर' हा शब्द डोक्यात राहतोच. शेवटी त्याने दुकान उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तेव्हापासून कुठलंही दार उघडायच्या आधी तो ओळखपत्र मागायचा, शेजारच्याला साक्षीला बोलवायचा आणि चौकटीच्या वरचे कोपरे न्याहाळायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, माणूस कामाला काटेकोर आहे. तो कॅमेरा शोधत असायचा. मुलीला यातलं काही सांगायचं नाही, असं नवरा-बायकोचं न बोलता ठरलं होतं. ती तेव्हा एवढीशी होती.

काकू खाली गेल्या, बहुतेक सगळ्या इमारतीला सांगायला. मुलगी ताटं उचलता उचलता थांबली.

"रडलात त्याचं मला काही वाटत नाही, बाबा. माझी शपथ घेतलीत, त्याचंही नाही. पण नंतर हात कशाला हलवलात?"

"ते म्हणाले हलवा, यांनी हलवला," बायको मध्येच म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"तेच तर," मुलगी म्हणाली. मग हातातली ताटं खाली ठेवून, "मी हॉस्टेलला निघाले तेव्हा बस सुटेपर्यंत तुम्ही हात खिशात घालून उभे होतात. मला वाटलं, रागावलायत. नंतर नोकरीच्या गावी निघाले तेव्हाही तसंच. म्हणजे मला नाही हलवलात, आणि या टीव्हीवाल्यांना हलवलात."

जगाने हसावं, याला चावीवाला सरावला होता. पण तिच्या नजरेत जे दिसलं ते हसू नव्हतं, आणि ते घेऊन ती परवा परत जाणार होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तोच शेजारचा झेरॉक्सवाला मोबाइल घेऊन हजर.

"काका, काय राव तुम्ही! सगळीकडे तुम्हीच आहात. वाचू का लोक काय म्हणतायत?"

"नको."

"ऐका तर. हा म्हणतो, असला निखळ विनोद आता राहिला नाही. ही बाई म्हणते, गरिबाची थट्टा केली, वाहिनीने माफी मागावी, मला रात्रभर झोप लागली नाही. आणि खाली तिने स्वतःचा रडका फोटो टाकलाय. हा म्हणतो, सगळं ठरवलेलं असतं, तो माणूस नट आहे, पैसे घेतले असणार. आणि हा बघा, हा म्हणतो, एवढ्या झटपट कुलूप उघडलं म्हणजे चोरच असला पाहिजे." झेरॉक्सवाला मनापासून हसला. "लोकांना उद्योग नाहीत."

हसणारे निदान लांब उभे राहून हसत होते. ही झोप उडालेली मंडळी मात्र चावीवाल्याला कडेवर घेऊन गावभर मिरवायला निघाली होती. त्याला कुणी विचारलं होतं का?

विचारलं, तेही दुपारी. वाहिनीतून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड, अगदी पाकात घोळलेला. "सर, प्रेक्षकांचा इतका सुंदर प्रतिसाद आहे ना! तुमची छोटीशी प्रतिक्रिया हवी होती. फक्त एवढंच, की मजा आली, आणि शेवटी तसाच हात हलवायचा. आम्ही दोन्ही शेजारी शेजारी दाखवू, तेव्हाचा आणि आत्ताचा."

त्याने फोन ठेवला. मग कॉलेजची पोरं आली. त्यातला एक ओढणी डोक्यावर घेऊन "बाळ आत अडकलंय हो" म्हणून रडला, बाकीच्यांनी मोबाइल धरले. चावीवाला किल्लीवर कानस घासत राहिला. पोरं कंटाळली, पण गेली नाहीत. समोरच्या कट्ट्यावर बसून राहिली, काका कधीतरी काहीतरी करतील या आशेवर.

मुलगी जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा पोरं तिथेच होती. आणि तिच्या मागोमाग एक बाई धावत आली. पायांत दोन वेगळ्या चपला, कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"मागच्या गल्लीत राहते मी. कचरा ठेवायला बाहेर आले, वाऱ्याने दार लागलं. बाळ आत आहे. दूध ठेवलंय गॅसवर. चला ना, लवकर चला."

कट्ट्यावर एकच हशा फुटला. मोबाइल सटासट वर झाले. "आली, आली, हिरॉइन आली," कुणीतरी म्हणालं. झेरॉक्सवालाही हसत दारात येऊन उभा राहिला. बाई भांबावून एकेकाचं तोंड बघत होती. बाळ आत अडकलंय यात हसण्यासारखं काय आहे, हे तिला कळेना.

"ओळखपत्र?" चावीवाल्याच्या तोंडून सवयीने निघालं.

"सगळं आतच आहे हो. मोबाइलसुद्धा."

बाळ आत, गॅस चालू, लवकर चला. तेव्हाची बाईही हेच बोलली होती. वाहिनीला तसाच हात हवा होता, आणि तो फोनवर मिळाला नाही म्हणून त्यांनी हिला पाठवली असेल, असं त्याच्या मनात आलं. या वेळी गुडघ्यांवर यायचं ते मुलीच्या डोळ्यांदेखत. त्याने मुलीकडे पाहिलं. ती डबा छातीशी धरून त्याच्याकडेच बघत होती.

चावीवाल्याने दुकानातल्या खुंटीवरची पिशवी काढली.

"बाबा, खोटं निघालं तर?"

"निघू दे," तो म्हणाला. "खरं असलं तर?"

तो धावत निघाला. बाईच्या इमारतीचा जिना मात्र आता त्याला एकेक पायरी मोजूनच चढावा लागत होता, गुडघे पूर्वीचे नव्हते. मागे मुलगी, आणि तिच्या मागे चपलांचा आणि खिदळण्याचा आवाज. दारासमोर तो बसला तेव्हा चौकटीच्या कोपऱ्यांकडे बघायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. दाराखालून जळक्या दुधाचा वास येत होता. पातळ पत्र्याची पट्टी फटीत सरकवून तो कुलपाच्या खिट्टीवर दाब देत राहिला. हाताला घाम होता. पट्टी एकदा निसटली, तेव्हा मागे कुणीतरी शिट्टी वाजवली. दुसऱ्यांदा खिट्टी मागे सरली.

खोलीभर धूर होता. बाई सरळ गॅसकडे धावली, मग टेबलाखाली वाकली. टेबलाखाली एक वर्ष-दीड वर्षाचं बाळ मांडी घालून बसलं होतं, हातातल्या चपलेला चावत. आईने ओढून घेतलं तेव्हा ते रडलं, बहुधा चप्पल गेली म्हणून.

"अरे, खरंच आहे की," जिन्यातून आवाज आला. त्यात हायसं वाटल्याची खूण नव्हती, तिकिटाचे पैसे वाया गेल्याची होती. दोन मोबाइल खाली झाले. पण एक पोरगा उंबऱ्यापर्यंत आला. "काका, भारी. आता इकडे बघा. हात हलवा, हात हलवा."

चावीवाला उठला. पोराकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मुलीला दंडाला धरून आत घेतलं आणि दार लावलं. खिट्टी खट्ट करून बसली. पलीकडचा कलकलाट थोडा वेळ तसाच राहिला, मग जिना उतरून गेला.

बाईने खिडक्या उघडल्या. मग ती बाळाला घेऊन खाली फरशीवरच बसली. तिने बाळाची हनुवटी चावीवाल्याकडे वळवली.

"आजोबांनी दार उघडलं ना आपलं? आजोबांना टाटा कर."

बाळाने रडं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मग मनगट वाकडंतिकडं फिरवत हात हलवला आणि वाट बघत राहिलं.

चावीवाला तसाच उभा होता. एका हातात पट्टी, दुसऱ्यात पिशवी, मोकळा हात एकही नव्हता.

"द्या ती पिशवी इकडे," मुलगी हळूच म्हणाली, आणि तिने ती आपल्या खांद्याला अडकवली.