खिडकी कापलेला खोका

मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे. माझ्या कुशीला एक चौकोनी भोक आहे. मित्रांनो, ते उंदराने पाडलेले नाही. ते पट्टी लावून, नीट कात्रीने कापलेले आहे.

कारखान्यात माझ्या पोटात एक हार्ड डिस्क ठेवली गेली आणि अंगावर बारकोड छापला गेला. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अमेरिकेत आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या एका दुकानातून वेंडेल हृस्का या म्हाताऱ्याने मला उचलले. माझ्यावर रिबेट होते. बारकोड कापून पावतीच्या प्रतीसोबत टपालाने पाठवला, की निम्मी किंमत घरी परत येणार होती. अटी बारीक अक्षरांत होत्या: बारकोड अस्सल हवा, टपालाचा शिक्का मुदतीतला हवा, एका घराला एकच. या अटी वाचण्यात वेंडेलचा हात कोणी धरू शकत नसे. त्याच्या घरातला टोस्टरसुद्धा रिबेटचाच होता आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

डिस्क हवी होती ती मात्र त्याच्या बायकोला. चारच दिवसांनी, मंगळवारी, आर्लीनच्या घशाचे ऑपरेशन होते. नंतर आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी सरळ सांगितले होते. नात टेसा अजून रांगत होती. तिच्यासाठी गोष्टी वाचून संगणकात साठवाव्यात, एवढीच आर्लीनची इच्छा होती. जुन्या डिस्कमध्ये जागा उरली नव्हती.

वेंडेल घरी आला आणि कोटही न काढता कात्री घेऊन बसला.

"अरे, आधी लावून तरी बघ," आर्लीन घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"पोस्टमन यायची वेळ झालीय गं. डिस्क कुठे पळून जातेय?"

मला दुखले नाही, पण पोकळ वाटले. लिफाफा दारापुढच्या पत्रपेटीत गेला, टपाल न्यायचे आहे असे सांगणारी पेटीची लाल झेंडी वर झाली आणि पोस्टमन तो घेऊन गेलाही. मग वेंडेलने डिस्क जोडली. ती थोडी खरखरली आणि कायमची गप्प झाली.

शनिवारी तो मला दुकानात घेऊन गेला. तिथल्या मुलीने माझ्या भोकातून पलीकडे पाहिले.

"सर, बारकोड कापलेला माल आम्ही बदलून देत नाही. पावतीच्या मागे लिहिलंय."

"मी चाळीस वर्षं अटी वाचतोय, पोरी!"

"मग ही राहिली वाटतं वाचायची," ती हळूच म्हणाली.

त्याने दुसरी डिस्क घ्यायला हवी होती. पण एकाच वस्तूचे दोनदा पैसे मोजायचे, हे त्याला पटेना. रविवारभर तो धुमसत बसला. आर्लीन पुस्तकांची चळत मांडीवर घेऊन शेजारी बसली होती आणि तिचा आवाज दर तासाला बारीक होत होता. ते ऐकताना मला माझी लाज वाटली. संध्याकाळी तिने चहा मागितला तो खुणेनेच. तेव्हा वेंडेलचा चेहरा उतरला.

सोमवारी दुकान उघडताच तो पूर्ण किमतीची डिस्क घेऊन आला. ही मात्र चालली. आर्लीनने खाकरून आवाज जुळवला आणि पुस्तक उघडले. चळतीतली एकच गोष्ट वाचून झाली. दुसरीच्या मध्यावर ती थांबली. पुढे शब्दच फुटेना.

पुढे रिबेटचा चेक आला. वेंडेलने तो वटवला की नाही, मला ठाऊक नाही. कपाटात मात्र त्याने मलाच ठेवले आणि ती चालू डिस्क माझ्या पोटात जपली.

टेसा आता शाळेत जाते. ती आली की डिस्क जोडतात. मित्रांनो, गोष्टीच्या आधी त्या ध्वनिमुद्रणात आणखी दोन-तीन वाक्ये आहेत. त्या सोमवारी नव्या खोक्याजवळ वेंडेलचा हात पुन्हा कात्रीकडे गेला होता. या वेळी बहिणीच्या पत्त्यावरून अर्ज धाडायचा, असा त्याचा बेत होता. ध्वनिमुद्रण आधीच चालू झाले आहे, हे त्याला कळलेच नव्हते.

म्हणून वस्तू घरात आली, की आधी ती कशासाठी आणली ते आठवा. कापायचे ते नंतर कापा. मला हे कापले गेल्यावर कळले.

टेसाला गोष्ट आवडते. वेंडेल मात्र ती पहिली वाक्येच पुन्हा पुन्हा लावायला सांगतो. शेजारी बसलेली आर्लीन आवाज न करता खांदे हलवून हसते आणि खोलीत तिचाच आवाज येतो:

"ती कात्री ठेव की खाली, वेंडेल. इथे बस माझ्याजवळ. ऐक."