चव्वेचाळीस नंबरचे दात

डॉक्टर वीणा कारखानीसचा आवाज दवाखान्यात कुणी कधी चढलेला ऐकला नव्हता. खुर्चीतला माणूस घाबरलाय असं दिसलं की ती आणखीनच हळू बोलायची. मग ती काय बोलतेय ते ऐकायला तो कान द्यायचा, आणि तेवढ्यात सुई टोचूनही व्हायची. अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावात तिचं नाव होतं ते या हळू बोलण्यामुळे.

हीच वीणा आइस हॉकीच्या रिंकवर, त्या बर्फाच्या मैदानावर, गेली की तिचं काय व्हायचं, ते फक्त प्रेक्षकांच्या सेक्शन बारामधल्या लोकांना माहीत होतं.

ती इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. शाळेत असल्यापासून शॉमबर्ग हेरन्स ही तिची टीम. नवरा अतुल मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी आला, क्रिकेटवर पोसलेला. पहिली दोन वर्षं त्याला बर्फावरचा तो काळा पक, ती रबराची चकती, दिसायचाच नाही. आजूबाजूचे लोक उठले की तो उठायचा. पण एकदा दिसायला लागला तो लागलाच. त्याने आपल्या ऑफिसमधल्या नागपूरच्या सिद्धेशला आणलं, आणि सिद्धेश दोघांच्याही पुढे गेला. हेरन म्हणजे बगळा, म्हणून त्याने मराठी मंडळींचा फोनवर 'बगळे मंडळ' नावाचा ग्रुप काढला. त्यात अकरा घरं होती. मॅचच्या दिवशी कुणी निळी जर्सी घालायला विसरला तर सिद्धेश त्याच्याशी तीनपैकी दुसऱ्या पिरियडपर्यंत बोलत नसे.

बगळ्यांचं हाडवैर होतं केनोशा हॅमर्सशी. केनोशा तासाभराच्या अंतरावर, राज्याची हद्द ओलांडली की आलंच. सीझनअखेरच्या प्लेऑफमध्ये सलग तिसऱ्या वर्षी या दोन टीम समोरासमोर आल्या होत्या, आणि केनोशाच्या टीममध्ये सेक्शन बाराला खास खुपायचा तो चव्वेचाळीस नंबरचा ब्रेट कुबियाक. गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं. समोरच्या टीममधल्या लोकांना रिंकच्या कडेच्या फळ्यांवर नेऊन आपटायचं, एवढंच काम, आणि ते तो मन लावून करायचा.

सात मॅचच्या सीरिजमधल्या सहाव्या मॅचला त्याने कमाल केली. हेरन्सचा कॅप्टन मॅट डॉयल पकच्या मागे फळीकडे धावत होता. त्याची पाठ कुबियाककडे होती. कुबियाकने मागून येऊन त्याला फळीवर असं आपटलं की डॉयलचं गळ्याखालचं हाड, कॉलरबोन, मोडलं. रेफरीने पाच मिनिटं बाहेर बसवलं, लीगने पुढच्या मॅचसाठी बंदीही घातली नाही. सीरिज तीन-तीन झाली. बगळे मंडळावर त्या संध्याकाळी जे काय लिहिलं गेलं ते अतुलने वीणाच्या आईला वाचून दाखवलं नाही.

सातवी मॅच रविवारी दुपारी दोन वाजता, शॉमबर्गच्या रिंकवर. सिद्धेशने भला मोठा बोर्ड रंगवून आणला होता. इंग्रजीत लिहिलं तर सिक्युरिटीवाले काढून घेतात, म्हणून मराठीत: 'कुबियाक, हिंमत असेल तर समोरून ये.' दारावरच्या गार्डने अर्थ विचारला. सिद्धेशने शांतपणे सांगितलं की पाहुण्यांचं स्वागत आहे.

वीणाला मात्र त्या रिंकवर आणखी एक काम होतं. गेले तीन सीझन ती तिथली दातांची डॉक्टर होती. कुणाला तोंडावर लागलं की फोन यायचा आणि ती बोगद्यातून खालच्या खोलीत जायची. नियम असा की लागलेला माणूस कुठल्याही टीमचा असो, बघायचं तिनेच, आणि परत खेळायला सोडायचं की नाही तेही तिनेच सांगायचं. आजवर जास्त करून आपलीच मुलं वाट्याला आली होती, त्यामुळे या नियमाचा तिने कधी फारसा विचार केला नव्हता.

दुसऱ्या पिरियडमध्ये हेरन्स दोन-एकने पुढे होते. केनोशाच्या गोलसमोर झटापट झाली, कुणाची तरी स्टिक वर गेली आणि थेट कुबियाकच्या तोंडावर बसली. स्टिक हेरन्सच्या खेळाडूची होती. रेफरी भलतीकडे बघत होते. सेक्शन बारा उभं राहून टाळ्या पिटायला लागलं. वीणाही उभी होती.

"बरं झालं, मेल्या," ती ओरडली. हा तिच्या आईचा शब्द. लहानपणी घरात रोज ऐकलेला.

मग तिला दिसलं की कुबियाक गुडघ्यांवर बसलाय, एक हातमोजा काढलाय, आणि उघड्या हाताने बर्फावर चाचपडतोय. पांढऱ्या बर्फावर तो काय शोधतोय, हे त्या सगळ्या गर्दीत सगळ्यात आधी तिलाच कळलं. ती खाली बसली. फोन वाजायच्या आधीच तिने बॅग उचलली होती.

खालची खोली म्हणजे बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राच्या शेजारची, कायम गार. मॅचच्या डॉक्टरांनी कुबियाकच्या ओठाला टाके घातले होते. केनोशाच्या ट्रेनरने हातमोज्यातून दाताचे दोन तुकडे आणले होते. वरचे समोरचे दोन्ही दात अर्ध्यात तुटलेले, त्यातल्या एकाची नस उघडी. नुसती हवा लागली तरी कळ मस्तकात जात असणार. वीणाने सुई भरली आणि तिच्या लक्षात आलं की या धिप्पाड माणसाने डोळे गच्च मिटलेत. माणसं उचलून आपटणाऱ्या त्याच्या हातांची बोटं खुर्चीच्या दांड्यांवर पांढरी पडली होती.

ती नेहमीसारखी हळू बोलायला लागली. आता काय करणार आहे, किती वेळ दुखेल, केव्हा थांबेल. सुई टोचून झाली.

खिशात फोन थरथरत होता. अतुलने लिहिलं होतं, 'सावकाश कर. घाई नको.' पुढे डोळा मारणारा चेहरा. सिद्धेशने तेवढाही आडपडदा ठेवला नव्हता: 'जबडा मोडलाय असं सांग ना यार. कोण तपासायला येतंय?' तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

हिरडी बधिर होईपर्यंत थांबावं लागणार होतं. कुबियाकने एक डोळा उघडला.

"तुम्ही सेक्शन बारामध्ये बसता," तो म्हणाला. "तीन वर्षं माझ्याकडे बघून एकच शब्द ओरडता. त्याचा अर्थ काय?"

वीणाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "मेल्या," ती म्हणाली. "म्हणजे... मेलेला माणूस. पण आमच्याकडे हे घरातल्याच लोकांना जास्त म्हणतात."

तो हसायला गेला आणि टाक्यांनी त्याला तिथल्या तिथे थांबवलं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून, किंवा मनात होतंच म्हणून, तिने विचारलं, "डॉयलला मागून का आपटलंस?"

"वाटलं तो वळेल. तो नेहमी वळतो. या वेळी वळला नाही, आणि मला थांबता आलं नाही. चूक माझीच."

तिने जबडा तपासायला घेतला. दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबत गेली, कानापासून हनुवटीपर्यंत. मग पुन्हा. दुसऱ्यांदा दाबताना तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण ती फ्रॅक्चर शोधत नव्हती, ते सापडावं अशी इच्छा करत होती. दाढांखाली लाकडी पट्टी देऊन चावायला लावली. त्याने एवढ्या जोरात धरली की ती ओढून निघेना. जबडा धडधाकट होता.

मग तिने मुकाट्याने काम केलं. उघडी नस साफ केली, औषध भरलं, वरून बंद केलं, धारदार कडा घासल्या. अठरा मिनिटं लागली. याहून कमी वेळात ते नीट झालं नसतं आणि याहून जास्त वेळ तिने लावला नाही.

कुबियाक उठून बसला. ट्रेनर दारात उभा होता. मी खेळू शकतो का, असं कुबियाकने विचारलं नाही. त्याने विचारलं, "तुमच्या डॉयलला हे झालं असतं, तर त्याला परत पाठवलं असतंत?"

वरून गर्दीचा आवाज येत होता. तिसरा पिरियड सुरू झाला होता. वीणा हातमोजे काढता काढता थांबली. मागच्याच वर्षी तिने डॉयलला याच खुर्चीतून असंच परत पाठवलं होतं, आणि वर पाठ थोपटली होती.

"पाठवलं असतं," ती म्हणाली. "तोंडावर पूर्ण जाळी लावून."

ती जागेवर परत आली तेव्हा चव्वेचाळीस नंबर तोंडाला जाळी लावून बर्फावर उतरत होता आणि सबंध रिंक त्याला 'बू' ओरडून हिणवत होतं. सिद्धेशने वळून तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनेच जर्सी बदललीय.

मॅच संपायला दीड मिनिट असताना कुबियाकने लांबून एक फटका मारला. तो गोलच्या दिशेनेही नव्हता. पण मध्ये हेरन्सच्याच एकाचा स्केट आला, पक वळला आणि आत गेला. बरोबरी झाली. जादा वेळेत पहिला गोल करणारा जिंकतो; सातव्या मिनिटाला तो केनोशाने केला आणि हेरन्सचा सीझन तिथेच संपला.

सिद्धेश बोर्ड काखेत मारून तरातरा निघून गेला. वीणा मात्र थांबली. दोन्ही टीम रांगेने हात मिळवत होत्या. गळ्यात हात अडकवलेला डॉयल साधे बूट घालून बर्फावर आला होता, आणि कुबियाक त्याच्यापाशी पोचला तशी रांग अडली. दोघं कपाळाला कपाळ लावून बराच वेळ काहीतरी बोलत होते.

पार्किंगमधून गाडी निघायच्या आतच वीणाच्या फोनवर सूचना आली. सिद्धेशने तिला बगळे मंडळातून काढून टाकलं होतं.

दोन सिग्नल मागे पडले. मग अतुल म्हणाला, "एक विचारू? खरंच मोडला नव्हता?"

"नाही."

"थोडासुद्धा?"

"जबडा थोडासा मोडत नसतो, अतुल."

मागे बसलेली त्यांची तेरा वर्षांची मुलगी आन्या हेडफोन न काढताच म्हणाली, "यू गाइज आर इम्पॉसिबल." त्यावर अतुलला हसू फुटलं, पण त्याने ते घरी पोचेपर्यंत कबूल केलं नाही.

आठवडाभर वीणाला वाईट वाटत राहिलं. आपण बरोबर केलं यात तिला शंका नव्हती. तरी अकरा घरांतलं कुणी साधा फोनही करत नव्हतं, आणि शनिवारी इंडियन ग्रोसरीत सिद्धेशच्या बायकोने, हिमानीने, भेंडी निवडण्यात फारच लक्ष घातलं होतं.

पुढच्या मंगळवारी कुबियाक दवाखान्यात आला. त्या दाताचं रूट कॅनाल करायचं होतं, फायनल दोन दिवसांवर होती आणि त्याला केनोशात कुणाची वेळ मिळत नव्हती. वीणाने त्याला साडेनऊची वेळ दिली. सव्वानऊला दात साफ करायला कोण येणार होतं, हे तिने पाहिलं नव्हतं. ती वेळ सहा महिन्यांपूर्वीच घेतलेली होती.

रिसेप्शनवरची इशिता आत येऊन कुजबुजली, "सिद्धेश काका आणि तो आलेत. समोरासमोर बसलेत."

आधीच्या पेशंटचं काम संपवायला वीणाला दहा मिनिटं लागली. ती दाराशी आली तेव्हा सिद्धेश बोलत होता. आवाज चढलेला नव्हता, पण पाठ ताठ होती. डॉयलच्या हाडात आता पट्टी बसवलीय, त्याचं पुढे काय होणार याचा कधी विचार केलास का, असं तो विचारत होता.

"चार महिने खेळणार नाही," कुबियाक म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी सकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. आम्ही सतरा वर्षांचे असताना एका टीममध्ये होतो, एकाच घरात राहायचो. त्याच्या लग्नात मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्याच्या बायकोने त्या सकाळी मला दारातच अर्धा तास उभं ठेवलं, आणि बरोबर केलं."

सिद्धेशने टेबलावरचं मासिक उचललं, परत ठेवलं. शेवटी म्हणाला, "मग आम्ही तुला बू करणं बंद करायला हवं."

कुबियाक घाबरल्यासारखा सरळ झाला. "नका," तो म्हणाला. "मी एक सीझन अशा गावात खेळलो जिथे मला कुणी ओळखतच नव्हतं. उतरलो काय, बसलो काय, सारखंच. तुमच्या रिंकवर आलं की वाटतं, कुणीतरी वाट बघतंय."

सिद्धेश अगदी गंभीरपणे म्हणाला की ठीक आहे, पुढच्या वर्षी कसर ठेवणार नाही. दोघांनी हात मिळवले. वीणाने आधी सिद्धेशला आत बोलावलं, आणि त्याचे दात साफ करताना, त्याला बोलता येत नाही याचा फायदा घेऊन, त्याने पाठवलेल्या त्या मेसेजबद्दल तिला काय वाटलं ते हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. त्याने मान हलवून सॉरी म्हटलं. तोंडात नळी असल्यामुळे ते तिला दोनदा म्हणवून घेता आलं.

केनोशा फायनलला गेले आणि ओळीने चार मॅच हरले. चौथी मॅच वीणासकट सगळ्यांनी सिद्धेशच्या घरी बघितली. कुणाला पाठिंबा द्यायचा हे ठरलं नव्हतं, आणि उघडपणे कुणी दिलाही नाही. पण तिसऱ्या पिरियडमध्ये समोरच्या टीममधल्या एकाने कुबियाकला मागून फळीवर ढकललं, तेव्हा सगळ्यात आधी सिद्धेश सोफ्यावरून उठला आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हिमानीने त्याला खाली बसवलं आणि भेळेची परात पुढे केली.

"हरले ना," मॅच संपल्यावर तो टीव्ही बंद करत म्हणाला. "आपल्याला हरवलं होतं, निदान कप तरी आणायचा."

वीणाने भेळेत वरून थोडी चिंचेची चटणी घातली आणि डिश त्याच्या हातात दिली.