एक अट बाकी

आमच्या दुकानात कटिंग मशीनच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला आहे. माझ्या बायकोनं चिकटवला. वर लिहिलंय, ‘एम.ए., अमेरिकन स्टडीज : पदवीसाठीच्या अटी’. खाली बारा विषय, एक परकीय भाषा, प्रबंध, तोंडी परीक्षा. एक अट पुरी झाली की ती त्यावर लाल पेन्सिलीनं रेघ मारायची. शेवटची सोडली तर सगळ्यांवर तिनंच रेघ मारली.

मी बाइंडर. तीस वर्षं लोकांचे प्रबंध शिवले, वाचला एकही नाही. ही दुकानात बसून प्रुफं तपासायची. दुसऱ्यांचे प्रबंध वाचून वाचून तिला वाटलं, आपणही एक लिहावा. बावन्नाव्या वर्षी नाव घातलं.

मी म्हणालो, “अगं, अमेरिकेचं आपल्याला काय?”

“अहो, पुठ्ठ्याच्या पलीकडे तुम्हाला कशाचं काय आहे?” ती म्हणाली. विषय संपला.

परकीय भाषा म्हणून तिनं स्पॅनिश घेतली. चिडली की स्पॅनिशमध्ये बोलायची. मला एक शब्द येत नव्हता, पण समजायचं सगळं.

पूर्वी अमेरिकेत शेतकऱ्यांच्या मुली कापडगिरण्यांत कामाला जायच्या आणि तिथून घरी पत्रं लिहायच्या. त्या पत्रांवर तिचा प्रबंध होता. तो लिहून झाला त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. तोंडी परीक्षेच्या आधी पक्कं बाइंडिंग करायचं नसतं. परीक्षक दुरुस्त्या सांगतात, त्या झाल्या की मगच शिवायचं. गिऱ्हाइकांना मी हे तीस वर्षं बजावत आलो आणि स्वतःच्या बायकोच्या वेळी मला राहवलं नाही. चारही प्रती शिवून टाकल्या. निळं रेक्झीन, कण्यावर सोनेरी अक्षरांत तिचं नाव.

तिनं कपाळाला हात लावला. “अहो, परीक्षक एक तरी दुरुस्ती काढतातच. मग काय करणार?”

“काढू देत. असा टाका घातलाय, कुणाच्या बापाला उसवायचा नाही.”

ती हसली, चांगली डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ते हसणं मी नीट ऐकून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्याच महिन्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला.

तोंडी परीक्षा तेवढी राहिलेली आणि तोंडच बंद. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी धावपळ करून परवानगी आणली : प्रश्न तोंडी विचारावेत, उमेदवारानं उत्तरं लिहून द्यावीत. मग आमचा सराव सुरू झाला. मी मशीनवर काम करता करता प्रश्न विचारायचो. ती समोर स्टुलावर बसून, कापलेल्या कागदांच्या उरलेल्या पट्ट्यांवर उत्तर लिहायची. प्रुफं तपासणारीचा हात तो. वर तारीख, मग माझा प्रश्न, खाली उत्तर. माझा प्रश्न अगदीच बावळट असला तर कोपऱ्यात एक छोटं गाढव काढायची.

परीक्षेला नऊ दिवस राहिले होते तेव्हा ती गेली.

दोन आठवड्यांनी मी तिची वाचनालयाची पुस्तकं परत करायला विद्यापीठात, तिच्या विभागात गेलो. कारकूनबाईंनी पुस्तकं मोजून घेतली, फाइल उघडली आणि जरा घुटमळल्या.

“काका, एक सांगायचं होतं. एक अट बाकी आहे. महिनाअखेर फाइल बंद करावी लागेल.”

“म्हणजे काय लिहिणार त्यावर?”

“अपूर्ण.”

मी जिन्यापर्यंत गेलो. तिथून परत आलो.

“बाई, तिनं घरी कधी दुधाचा हिशेबसुद्धा अपूर्ण ठेवला नाही. तो शब्द नका लिहू.”

“माझ्या हातात असतं तर कशाला लिहिलं असतं, काका?” त्या उठल्या आणि मॅडमना बोलावून घेऊन आल्या.

मॅडमनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, “परीक्षा झाली असं मी खोटं लिहू शकत नाही. प्रबंधावर प्रश्न विचारले गेले आणि तिनं उत्तरं दिली, असं काहीतरी समितीपुढे ठेवायला हवं.”

“प्रश्न तर मीच विचारत होतो,” मी म्हणालो. बोलताना मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. “पट्ट्या आहेत ना. मी शिवून ठेवल्यात.”

कागद टाकायची मला सवय नाही. एकशे बारा पट्ट्यांची वही झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मी मॅडमच्या हातात दिली.

समितीत तिघंजण होते. मॅडम, विभागप्रमुख आणि बाहेरून आलेले एक म्हातारे परीक्षक. मला दाराजवळ बसायला सांगितलं. परीक्षकांनी वही तीन दिवस वाचली होती. त्यांनी चष्मा काढला.

“हा गाढववाला परीक्षक कोण?”

“मी,” म्हणालो.

“एकशे बारा प्रश्नांत एकोणचाळीस गाढवं. माझ्या विद्यार्थ्यांनी माझ्या प्रश्नांवर काय काय काढलं असतं!” मग ते मॅडमकडे वळले. “माझा एकच प्रश्न होता. मुलींनी घरी लिहिलेली पत्रं आपण वाचतो. घरून त्यांना आलेली उत्तरं कुठे आहेत? प्रबंधात हे नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“पण यांनी विचारलंय,” ते म्हणाले आणि वही उघडून वाचू लागले. “‘प्रश्न : अगं, त्यांच्या आया उत्तर पाठवत नव्हत्या का? उत्तर : पाठवत असणार. पण मुली खोल्या बदलत राहिल्या, एका ट्रंकेत संसार, कागद कुठे सांभाळणार? घरात राहिलेल्या माणसाकडे कपाट असतं. म्हणून गेलेल्यांचं लिहिणं उरलं आणि राहिलेल्यांचं हरवलं. हे मी प्रबंधात म्हणायला हवं होतं. चांगला प्रश्न.’” त्यांनी पट्टीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “इथं गाढव नाही.”

मग त्यांनी खिशातून पेन काढलं, सही केली आणि कागद विभागप्रमुखांकडे सरकवला. मॅडमनी सगळ्यात शेवटी सही केली. त्यांची सही जरा वाकडी आली.

“एक दुरुस्ती मात्र आहे,” परीक्षक म्हणाले. “हे उत्तर प्रबंधात जायला हवं. चारही प्रतींत. जमेल?”

मी हो म्हणालो. तिघांना हात जोडले. कारकूनबाई बाहेर उभ्याच होत्या. त्यांना म्हणालो, “बाई, तुम्ही उठलात म्हणून झालं.”

दुकानात आलो. चारही प्रती टेबलावर घेतल्या. माझाच टाका, एकेक दोरा उसवायला दुपार गेली. हिनं ऐकवून ऐकवून जीव घेतला असता. ते नवं पान छापून घेतलं, तिच्या नजरेनं दोनदा तपासलं आणि जागेवर बसवून पुन्हा शिवलं.

मग स्टुलावर चढलो आणि लाल पेन्सिलीनं शेवटच्या अटीवर रेघ मारली.