इराच्या खांद्यावरचा हात

रणपिसे भाऊंनी निरोप पाठवला तोसुद्धा बायकोच्या हाती. मधुरिमा दारातच उभी राहिली, चपलाही काढल्या नाहीत.

"यांचं म्हणणं असं आहे ताई, की रविवारी इराच्या मागे मी उभं राहावं. तुम्ही नको."

शशिकलाबाई मेथी निवडत होत्या. सैन्याच्या नर्सिंग सेवेतून मेजर म्हणून निवृत्त झालेली बाई, राग कायम नाकावर. "का नको?"

"तुमचा तो... घटस्फोट. मंडळीत चर्चा झाली म्हणे."

"मंडळी म्हणजे कोण? रणपिसे आणि त्यांचा आरसा?"

मधुरिमाला हसू आलं, ते तिने कसंबसं दाबलं.

चंडीगडची ही मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे बदलीवर आलेली थोडीशी घरं. कुणी हवाई दलात, कुणी सैन्यात, कुणी बँकेत. सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लासचा हॉल रविवारी दुपारी त्यांना मिळायचा. फळ्यावर रसायनशास्त्राची समीकरणं, खाली 'मिटाना मना है' अशी ताकीद, आणि त्याच्यापुढे यांची भजनं. जागा उसनी होती, पण नगरहून आणलेली रीत त्यांनी सोडली नव्हती. दृढीकरणाला, म्हणजे मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायच्या विधीला, उभ्या राहिलेल्या तरुण माणसाने सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याने त्याला विश्वासात चालायला शिकवलं, त्याने मागे उभं राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. प्रार्थना संपली की पहिलं 'आमेन' त्या हात ठेवणाऱ्याचं, मग मंडळीचं. रणपिसे मंडळीचे वडील होते, म्हणजे कारभार बघणारे, आणि कुणाचा हात चालेल हे ठरवायचा अधिकार आपला आहे असं त्यांना मनापासून वाटायचं.

इराला घडवलं होतं शशिकलाबाईंनी. पोरगी आयटी पार्कमध्ये नोकरीला, वडील हवाई दलात. साखरपुडा मोडला आणि तिने उपासनेला येणं बंद केलं. मंडळीतल्या बायका समजूत घालायला गेल्या, ते थेट नवीन स्थळं घेऊनच. शशिकलाबाईंनी फक्त फोन केला होता. "गुरुवारी ये. चहा करीन. लग्नाचं मी विचारणार नाही. देवावर का रागावलीस तेवढं सांग."

इरा आली, आणि येतच राहिली. दोघी शास्त्र वाचायच्या, कडाकडा भांडायच्या. बाई मराठीत विचारायच्या, पोरगी हिंदीत उत्तर द्यायची. प्रार्थना करताना ती अडखळली की बाई लगेच शब्द पुरवायच्या. नव्या नर्सला इंजेक्शन धरायला शिकवावं तसं त्यांनी तिला बोट धरून शिकवलं. आता जूनमध्ये तिच्या वडिलांची बदली होऊन घर हलणार होतं, आणि त्याआधी पाळकसाहेब एकदाच येणार होते, म्हणजे या मंडळीत दृढीकरण व्हायचं तर या रविवारीच.

मध्यंतरी एका गुरुवारी नगरहून फोन आला होता. अविनाशला, बाईंच्या पूर्वीच्या नवऱ्याला, अर्धांगवायू झाला होता. पुतण्याच्या घरी मागच्या खोलीत पडून होता. फोन ठेवून बाईंनी इराला सगळं सांगितलं. हा माणूस शाळेत हेडमास्तर होता, मंडळीचा वडील होता, रविवारी गोड आवाजात शास्त्रवाचन करायचा आणि घरी येऊन पट्टा काढायचा. सगळ्यांनी बाईंना सोसायला सांगितलं होतं. त्यांनी न सोसता सैन्याची वाट धरली होती.

"त्याचं नाव या घरात प्रार्थनेत येणार नाही. कळलं?" त्यांनी बजावलं होतं.

"जी आंटी," इरा म्हणाली होती.

आता मेथीची जुडी बाजूला ठेवून बाई मधुरिमाला म्हणाल्या, "सांग त्यांना, मी येतेय. मला बाजूला करायचं असेल तर स्वतःच्या हाताने करा म्हणावं."

रविवारी हॉल भरला होता. अंबाल्याहून आलेले पाळकसाहेब खुर्चीवर बसले होते. इरा पुढे येऊन उभी राहिली तशा शशिकलाबाई उठल्या आणि तिच्या मागे जाऊन उभ्या ठाकल्या. रणपिसे घाईने पुढे आले.

"मेजर मॅडम, आपलं बोलणं झालं होतं."

"तुमचं झालं होतं. माझं बाकी आहे." बाईंनी आवाज खाली आणला नाही. "माझ्या नवऱ्याने मला पट्ट्याने मारलं तेव्हा तो मंडळीचा वडील होता, भाऊ. तुमच्यासारखाच. त्याचं पद कुणी काढलं नाही. आणि मी घर सोडलं तर माझा हात विटाळला? या हाताने मी मरणाऱ्या जवानांचे डोळे मिटलेत. तेव्हा कुणी दाखला मागितला नव्हता. हा हात या पोरीच्या खांद्यावर राहणार. ओढून काढायचा असेल तर काढा, सगळे बघतायत."

रणपिसेंनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थना होऊ द्या." रणपिसे मागे सरले, पण बसले नाहीत.

बाईंनी हात ठेवला. इराने डोळे मिटले आणि घडाघडा सुरुवात केली. "हे दयाळू पित्या, या नव्या दिवसासाठी तुझे उपकार मानते. सीमेवरच्या जवानांना सांभाळ. माझ्या गुडघ्यांना बळ दे. म्हातारपणी मला कुणावर ओझं होऊ देऊ नकोस..."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसलं, मग हॉलच हसायला लागला. चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी गुडघ्यांसाठी बळ मागत होती! शशिकलाबाईंचा चेहरा लाल झाला. शब्दन् शब्द त्यांचा होता.

"हे शिष्यत्व?" रणपिसेंना जोर चढला. "हा तर पोपट पढवलाय!"

इराच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना शरम वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही. "पोपट नाही ती. चूक माझी. ती थांबली की मी बोलायचे, तिला कधी शोधूच दिलं नाही." मग त्या इराच्या कानाशी वाकल्या, पण ऐकू सगळ्यांना आलं. "माझी प्रार्थना मला परत दे. तुझी कर. चुकली तरी चालेल. मराठी नसली तरी चालेल. या वेळी मी मधे बोलणार नाही."

इरा शब्द शोधत राहिली. बाईंच्या ओठांवर शब्द येत होते, ते त्या गिळत होत्या.

"प्रभू," शेवटी इरा म्हणाली, "मी अजून तुझ्यावर नाराज आहे. पक्का नाराज. फिर भी आ गई हूँ. सगाई टूटी तब सबने पूछा, माझं काय चुकलं. आंटीने नहीं पूछा. तेव्हा मला वाटलं, तू पण नसशील विचारत." तिने श्वास घेतला. "रणपिसे अंकलना सांभाळ. त्यांना सारखी भीती वाटते, सब हाथ से निकल जाएगा. और..."

ती थांबली. खांदा ताठ झाला.

"और नगर में अविनाश अंकल हैं. आंटी उनका नाम नहीं लेतीं. वो उनका हक है. म्हणून मी घेते. त्यांनी जे केलं ते वाईट होतं, उसका हिसाब तू ले. पण त्यांना त्या मागच्या खोलीत एकटं मरू देऊ नकोस."

शशिकलाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. भर सभेत! ज्या नावाला त्यांनी घरात बंदी घातली होती ते नाव, त्यांच्याच हाताखाली उभं राहून! त्यांनी या पोरीसाठी सगळ्यांशी वैर घेतलं होतं, आणि ही त्या माणसासाठी भीक मागत होती. हात काढून सरळ घरी निघून जावं, असं त्यांना वाटलं.

प्रार्थना संपली होती. सगळे त्यांच्या 'आमेन'ची वाट पाहत होते. इरा वळून बघत नव्हती. बाई बोलत नाहीत हे रणपिसेंच्या लक्षात आलं.

"मेजर मॅडम," ते मऊ आवाजात म्हणाले, "आमेन म्हणताय ना? की तुम्हालाच मान्य नाही?"

"नाही मान्य," शशिकलाबाई म्हणाल्या. "मी आमेन म्हणणार नाही. त्या माणसासाठी माझ्या तोंडून ते निघायचं नाही, आज तरी नाही. पण हे मागणं हिचं आहे. हिने ते मला घाबरून टाळलं नाही, आणि तुम्हाला घाबरूनही टाळलं नाही. यापलीकडे मला तिला काही शिकवायचं नव्हतं. हात इथेच राहील, भाऊ. आमेन ज्याला म्हणायचंय त्याने म्हणावं."

पहिलं 'आमेन' हात ठेवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणी म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"आमेन," मधुरिमा म्हणाली. नवऱ्याकडे न बघता, उभी राहून, चांगलं मोठ्याने. मग पाळकसाहेब म्हणाले, मग बाकीचे.

शशिकलाबाईंनी ओठ घट्ट मिटले होते. त्यांची बोटं नकळत इराच्या खांद्यात रुतली.

"आंटी," इरा कुजबुजली, "दुखतंय."

"दुखू दे," बाई म्हणाल्या. "मलाही दुखतंय."