घरी फोन कोणता?

मी बोलतोय. बटनांचा फोन. हॅलो-बिलो करत बसू नका, नुसतं ऐका. बॅटरी फुगली आहे, आवाज चिरका झालाय. एकदा सांगेन, दुसऱ्यांदा सांगणं होणार नाही.

जन्म कुठला ते मला ठाऊक नाही. खोक्यावर छापलेलं होतं म्हणतात. मी अडाणी, आणि मला घेणारा मनसाराम दुसरी नापास, म्हणजे ते वाचलं कुणीच नाही. आलापल्लीला लच्छूच्या दुकानात काचेखाली सात-आठ महिने धूळ खात पडलो होतो. मनसारामनं मला उचललं, तळहातावर वरखाली केलं आणि विचारलं, "याची टॉर्च किती दूर जाते?" फोन लागतो का, हे विचारलंच नाही. अशी माझी किंमत.

मनसाराम ढिवर. भामरागडच्या रस्त्यावर, नदीच्या काठी त्याचं गाव. तो जाळं टाकायचा, बायको गिरजा टोपली घेऊन बाजारात बसायची. मी बंडीच्या खिशात. माशांचा वास माझ्या बटनांत असा मुरला की अजून जात नाही. दोनदा पाण्यात पडलो. दोन्ही वेळा गिरजानं मला तांदळाच्या डब्यात पुरलं. वर म्हणाली, "मेला त मेला. तांदूळ त खराब नाई होत." मागचं झाकण हरवलं, तेव्हा सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलं. पाचाचं बटन झिजून गुळगुळीत झालं. तक्रार केली नाही. आजकालचे ते काचेचे फोन, त्यांना कपडे घालतात, पुसतात, उशाशी घेऊन झोपतात. आम्हाला खुंटीला टांगत.

त्यांचा एकुलता मुलगा प्रफुल. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात चार वर्षं होता. त्या चार वर्षांत या घरानं एक रीत बसवली. मिसकॉलची. एक मिसकॉल म्हणजे बरे आहोत. दोन म्हणजे सवड झाली की फोन कर. तीन म्हणजे हातातलं टाक आणि आत्ताच्या आत्ता फोन कर. पैसा लागत नाही, बोलावं लागत नाही. प्रफुलचा नंबर मनसारामला तोंडपाठ, बोटांनाच पाठ म्हणा.

गावात रेंज नाही. शाळेमागं टेकाड आहे, त्यावर मोहाचं झाड, त्याच्या बुडाशी रेंजच्या दोन दांड्या येतात. मनसाराम तिथं चढायचा, गुडघे धरून. नंबर दाबायचा आणि मला हात लांब करून धरायचा, चावरा मासा धरतात तसा. मग बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत पाच मोजायचा आणि कट. कानाला कधी लावायचा नाही. त्याची पक्की समजूत होती, "कानाले लावला का पैसा कटते."

हसू नका. तुमच्याही काही समजुती असतीलच.

तीन मिसकॉल त्यानं एकदाच दिले होते. पुरात डोंगा, म्हणजे त्याची होडी, वाहून गेला तेव्हा. दुसऱ्या दिवशी प्रफुल पिशवी घेऊन दारात. म्हणून त्या तीन घंट्यांवर या माणसाचा देवापेक्षा जास्त विश्वास.

मग प्रफुलला ओमानला काम लागलं. तिथंही सिमेंटच. जायच्या आठ दिवस आधी बापलेक लच्छूच्या दुकानात गेले. तिकडे गेल्यावर फोनचं काय करायचं, हे ठरवायला. लच्छूनं मला घेतलं आणि काउंटरवर एका कागदावर ठेवलं. पंख्यानं कागद उडू नये म्हणून. बोलणं ऐकायला नाही.

"पाय भाऊ," लच्छू प्रफुलला म्हणाला, "हाच सिम ठेव अन् परदेशाचा पॅक मार. नंबर चालू राह्यते, पण डेटा चिमूटभर अन् भाव नवरदेवाचा. नाई त उतरल्या उतरल्या विमानतळावर तिकडचा सिम घे. डेटा पोटभर. नाई त काईच नको घेऊ, कंपनीच्या खोलीत वायफाय असते म्हणते, त्यावर भागव."

"वायफायचं खरं नाई. व्हिडिओ कॉल कायच्यात होते?"

"डेटा असन त होते. तिकडचाच घे."

"अन् हा जुना?"

"तुह्या फोनले दोन घरं हायेत ना. एकात तिकडचा टाक, एकात हा राहू दे. पण मंग मेमरी कार्ड काढा लागन. त्याच घरात बसते ते."

"कार्ड नाई काढत बाप्पा! सारे गाणे त्यात हायेत. दोन वर्षं का भिंती पाहू?"

मनसारामनं एवढ्यात एकदाच तोंड उघडलं. "सस्ता कोणता?"

"तिकडचा, काकाजी."

"मंग तोच घे."

झालं. अर्धा तास बोलले. किती जीबी, किती दिवस, कुठल्या कंपनीचा टॉवर, सगळं विचारलं. घरी फोन कोणता आहे, हे कुणी विचारलं नाही. मी तिथंच होतो, कागदावर बसलेला. माझ्यात नेट येत नाही. मला व्हिडिओ दिसत नाही. सगळ्यात लहान पॅक मारून जुना सिम आत ठेवला असता तर प्रफुलला गाणी मिळाली नसती, पण घंटी वाजली असती. आम्हाला ती उचलायची पण नव्हती. नुसती वाजायला पाहिजे होती.

प्रफुल गेला. मस्कतला उतरला, तिकडचा सिम घेतला, जुना काढून पासपोर्टच्या प्लास्टिकमध्ये सारला. पोरगा वाईट नाही. विसरला.

विसरल्याचं कळलं पण नाही, कारण शेजारच्या रिंकूकडे मोठा फोन होता. दर रविवारी दुपारी ती तो घेऊन टेकाडावर यायची, मागं मनसाराम आणि गिरजा. प्रफुल समुद्र दाखवायचा, कारखान्याची चिमणी दाखवायचा. मनसाराम पडद्याला तोंड लावून असा ओरडायचा की झाडावरचे बगळे उडत.

"काकाजी, नाक दिसून राह्यलं फक्त तुमचं!" रिंकू म्हणायची.

गिरजा बोलायची नाही. पदर दातात धरून बघायची आणि शेवटी एकच म्हणायची, "वाळला."

"नाई वाळलो वं माय, कॅमेराच तसा हाये!"

"मले नको सांगू. वाळला."

मी खाली खिशात. मनसाराम मात्र दर बाजाराच्या दिवशी टेकाडावर जाऊन मलाच धरून एक मिसकॉल द्यायचा. बरे आहोत. मोजायचा पाच, कट. मी प्रत्येक वेळी सांगत होतो, बाईच्या आवाजात सांगत होतो, आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे. हात लांब करून धरल्यावर कुणाला ऐकू जाणार? बगळ्यांना.

जुलैत रिंकू नर्सिंग शिकायला चंद्रपूरला गेली. फोन तिच्याबरोबर गेला. जाताना ती प्रफुलचा तिकडचा लांबलचक नंबर माझ्यात घालून गेली आणि आपला पण. तिकडच्या नंबराला माझ्या रिचार्जात फोन लागत नव्हता. म्हणजे तो नुसताच शोभेला. प्रफुलनं तिकडून केला तरी गावात मला रेंज नाही.

ऑगस्टमध्ये नदी चढली. पुलावरून पाणी, रस्ता बंद. हे दरवर्षीचं, त्यात कुणी घाबरत नाही. पण त्यातच गिरजाला थंडी वाजून ताप आला. आशाताई कलाबाई याच गावच्या. त्यांनी बोटाला टोचून रक्त पाहिलं, गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला. गिरजा नसलेल्या माणसांशी बोलायला लागली. कलाबाई म्हणाल्या, "मनसारामभाऊ, दवाखान्यात न्या लागते."

मनसाराम नदीवर जाऊन आला. ज्या नदीत आयुष्य काढलं तिच्याकडे पाहून मान हलवत परत आला. झाडंच्या झाडं वाहत होती. डोंगा उभासुद्धा राहिला नसता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गिरजा शुद्धीवर आली. डोळे साफ होते. म्हणाली, "प्रफुलचा आवाज आयकाचा हाये मले. घंटी दे त्याले."

"देतो."

"तीन दे."

मनसाराम टेकाडावर चढला. चिखलात दोनदा घसरला. माझ्यात बॅटरीच्या दोन कांड्या होत्या. गावात तीन दिवस वीज नव्हती. त्यानं तीन मिसकॉल दिले, पाच-पाच मोजून, आणि झाडाच्या बुडाशी बसला. मला मांडीवर ठेवून. मान ताठ, डोळे माझ्यावर. आता वाजेल.

मी वाजलो नाही.

तासाभरानं त्यानं पुन्हा तीन दिले. पुन्हा बसला. घरी जाऊन गिरजाला पाणी पाजून आला, पुन्हा तीन. "कामावर असन," असं मला म्हणाला. माझ्याशी तो पहिल्यांदाच बोलला. "सुटी झाली का करन." मी काय करू? माझ्या पोटात रिंकूचा नंबर होता. एक बटन दाबलं असतं तर चंद्रपूरला घंटी गेली असती, तिनं दोन मिनिटांत प्रफुलला गाठलं असतं. पण या माणसाला तीन घंट्या ठाऊक होत्या. तीन दिल्या म्हणजे पोरगा फोन करतोच. शंका घ्यायची जागाच नव्हती त्याच्या डोक्यात.

दुपार गेली. चार वाजायच्या सुमाराला कलाबाई हुडकत वर आल्या.

"इथी काऊन बसले, भाऊ? तिकडं बाई एकटी."

"प्रफुलले घंटी देल्ली. वाट पाहून राह्यलो."

"का म्हणते?"

"का म्हणन? मिसकॉल हाये."

"कानाले लावून पाहलं का?"

कलाबाईंनी मला ओढलं, नंबर लावला, कानाला धरला. त्यांचा चेहरा उतरला. "भाऊ, हा त बंद हाये म्हणते."

"बंद कसा? सकाळपासून देऊन राह्यलो ना मी!"

कलाबाईंनी माझ्यातली नावं चाळली. रिंकूचं नाव काढलं, बटन दाबलं. लागला. रिंकूनं मैत्रिणीच्या फोनवर प्रफुलला गाठलं आणि दोन फोन एकमेकांच्या तोंडाला लावून धरले. ओमानहून चंद्रपूर, चंद्रपूरहून माझ्यात. आवाज डब्यातून आल्यासारखा.

"बाबा? का झालं बाबा?"

"तुही माय..." मनसाराम उठून उभा राहिला. "थांब बाबू. आणतो तिले. ठेवू नको." मला कलाबाईंच्या हातात देऊन तो पळाला. सत्तरीतला माणूस, चिखलातून पळाला.

कलाबाई मला धरून पुतळ्यासारख्या उभ्या. हलल्या तर रेंज जाईल. प्रफुल दर थोड्या वेळानं विचारायचा, "आली का माय?"

"आणून राह्यले, बाबू."

"ताप कितीक हाये?"

"हाये."

माझी एक कांडी उरली होती.

चौघांनी गिरजाची खाट वर आणली. मनसाराम पुढच्या पायाला. खाट टेकली तेव्हा त्याच्या तोंडावरूनच दिसलं की त्याला वाटेतच कळलं होतं. कलाबाईंनी गिरजाच्या गळ्याला हात लावला आणि हात काढून घेतला. कुणी रडायला तोंड उघडणार, तेवढ्यात मनसारामनं सगळ्यांना हातानं थांबवलं. मला घेतलं. गिरजाच्या कानाला लावलं.

"बोल बाबू. लावला कानाले."

"माय," प्रफुल म्हणाला. "मी तिकीट पाहून राह्यलो माय. येतो मी. तू गोळ्या खा. काल भाजी बनवली मी, जळली. तू हसत असशीन. माय, मी वाळलो नाई वं..."

तो कान थंड होत चालला होता. मला कळतं. इतकी वर्षं मनसारामनं मला आपणहून कानाला लावावं अशी हौस होती माझी, ती अशी फिटली. प्रफुल बोलतच होता. शेवटी म्हणाला, "माय, एकदा हूं त म्हण."

मनसाराम वाकला, माझ्याजवळ तोंड आणलं. "म्हणली, बाबू. हळू म्हणली. तुले आयकू नाई आलं."

तिथं माझी बॅटरी संपली.

पाणी उतरल्यावर प्रफुल आला. तोवर तेरवी होत आली होती. आता मनसारामकडे काचेचा फोन आहे आणि मी फळीवर पडलेला. कुणी परदेशी निघालं तर माझं एवढंच सांगणं आहे, जीबी नंतर मोजा, आधी घरच्या माणसाच्या हातात काय आहे ते बघा. मागं जो वाट पाहतो त्याला कसं गाठता येईल, त्यावरून ठरवा.

आणि एक. प्रफुल परत गेला आहे. कामावर ज्याला-त्याला सांगतो, मायनं जाताना माझं सगळं ऐकलं, हूं म्हणाली. तुम्हाला तो कुठं भेटला तर मान हलवा. मी जे सांगितलं ते बोलू नका.